घरातले सुगंधी तेल: अत्तर, नीलगिरी, कापूर वापरताना काय पाळावे



मागच्या हिवाळ्यात आमच्या नात्यातल्या एका घरी अडीच वर्षांच्या लेकराला खोकला झाला. रात्रीचा दीड वाजला होता आणि लाईट गेलेली होती. दादीने अंधारातच फडताळातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि चमचाभर पाजले. लेकरू एकदम किंचाळले तेव्हा मोबाईलचा उजेड पाडून बघितले. बाटली नीलगिरीच्या तेलाची होती. दोन्ही बाटल्या तपकिरी काचेच्या, एकाच उंचीच्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या.

कुणीतरी म्हणाले, मिठाचे पाणी पाजा, उलटी होऊन जाईल. तेही केले. वीस मिनिटांत लेकरू इतके सुस्त झाले की हलवले तरी डोळे उघडेना. दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. अल्हम्दुलिल्लाह, ते बचावले आणि आज घरभर धावत असते. पण डॉक्टरसाहेब जे बोलले ते आम्हा सगळ्यांच्या लक्षात राहिले: "तेल पाजले ती चूक अंधारातली होती. उलटी करवली ती चूक उजेडातली होती."

त्या घरात तीन पदवीधर आहेत. तरी हे तेल पोटात गेले तर विष ठरते, हे कुणालाच माहीत नव्हते. आपल्या बहुतेक घरांची हीच गत आहे. अत्तर, नीलगिरी, कापूर, लवंगेचे तेल, गंधपुरा, मेंदीचे तेल, आणि आता मोबाईलवर बघून मागवलेले टी ट्री आणि लव्हेंडर, हे सगळे घरात आहे. कसे वापरायचे ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. वाचा, आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

बाटलीत नेमके काय असते?

बाजारात चार वेगवेगळ्या वस्तू "सुगंधी तेल" या एकाच नावाने विकल्या जातात.

पहिली वस्तू अर्क-तेल, म्हणजे इसेन्शियल ऑइल. पाने, फुले, साल किंवा गवत पाण्याच्या वाफेवर उकळून, ती वाफ थंड करून वर तरंगणारे तेल वेगळे काढतात. लिंबू-संत्र्याचे तेल सालीतून दाबूनही काढतात. हे तेल अतिशय जहाल असते. एक किलो गुलाबाच्या तेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात, यावरून त्याचा जोर समजून घ्या.

दुसरी वस्तू अत्तर. जुन्या पद्धतीत देग आणि भपका वापरून फुलांची वाफ थेट चंदनाच्या तेलात उतरवतात. कनौजचे अत्तर असेच बनते आणि त्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण आज चंदन परवडत नाही. म्हणून स्वस्त अत्तरात बहुतेक वेळा पातळ पॅराफिन किंवा दुसरा रासायनिक द्रव आणि कृत्रिम सुगंध असतो.

तिसरी वस्तू फ्रॅग्रन्स ऑइल. हा पूर्णपणे कारखान्यात बनलेला सुगंध असतो. मेणबत्ती, अगरबत्ती, साबण यांच्यासाठी तो ठीक आहे. अंगाला लावण्यासाठी तो नाही.

चौथी वस्तू म्हणजे साधे तेल: खोबरेल, तीळ, बदाम, जैतून, करडई. यांना आपण इथे मूळ तेल म्हणू. अर्क-तेल पातळ करायचे ते यांच्यातच.

"अल्कोहोल-फ्री" लिहिलेले बघून आपण निश्चिंत होतो. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की त्यात अल्कोहोल नाही. ते त्वचेला चालेल असा अर्थ त्यातून निघत नाही. "नॅचरल" या शब्दाचेही तसेच. धोत्राही नॅचरलच आहे.

आपल्या वऱ्हाडचे तेल

ही तेले परदेशातून आलेले खूळ आहे असे समजू नका. नवव्या शतकात अल-किंदी यांनी अत्तरे आणि ऊर्ध्वपातन यांवर अख्खी किताब लिहिली. आणि आपल्या मातीचेही एक तेल जगभर गेले आहे.

मेळघाटात आणि सातपुड्याच्या उतारावर रोशा गवत उगवते. काही जण त्याला तिखाडी म्हणतात. पान चुरगळले की गुलाबासारखा वास येतो. इंग्रजांच्या काळात खानदेश, निमाड, बैतूल आणि वऱ्हाडच्या जंगलपट्टीत नाल्याकाठी भट्ट्या लावून याचे तेल काढत. ते मुंबईला जाई, तिथून तांबड्या समुद्राच्या बंदरांतून इस्तंबूलला. तिथे त्याला "इद्रिस याघी" म्हणत आणि महागड्या गुलाबाच्या तेलात ते भेसळ म्हणून मिसळत. आज त्यालाच पामरोझा म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसे अजून सांधेदुखीला रोशाचे तेल मागतात.

ही गोष्ट सांगण्याची दोन कारणे आहेत. एक, सुगंधी तेलात भेसळ हा धंदा आजचा नाही, शंभर वर्षांहून जुना आहे. दोन, रोशाच्या तेलाला गुलाबाचा वास येतो तो जिरॅनिऑल नावाच्या घटकामुळे. गुलाबातही तोच असतो. काही लोकांच्या त्वचेला त्याची ॲलर्जी असते, आणि युरोपात प्रसाधनावर त्याचे नाव ठराविक प्रमाणाच्या वर असल्यास छापावेच लागते. म्हणजे तेल आपल्या जंगलातले असो की फ्रान्सचे, त्वचेला त्याचे गाव कळत नाही, घटक कळतो.

थेंबांचा हिशोब

वर्गात मी मुलांना शेकडेवारी याच उदाहरणाने शिकवते. एक मिली अर्क-तेलात साधारण २० थेंब असतात. चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिली. म्हणून सोपा नियम असा:

• एक चमचा मूळ तेल + एक थेंब अर्क-तेल = साधारण १ टक्का. मोठ्या माणसाच्या अंगाला हे पुरे.

• चेहऱ्याला त्याच्या निम्मे. म्हणजे दोन चमचे तेलाला एक थेंब.

• दुखऱ्या गुडघ्याला किंवा पाठीला, थोडे दिवस, २ टक्क्यांपर्यंत. म्हणजे एक चमच्याला दोन थेंब.

• ३० मिलीची बाटली भरायची असेल तर १ टक्क्यासाठी ६ थेंब, २ टक्क्यांसाठी १२ थेंब.

• दोन वर्षांखालच्या लेकराला काहीच नाही. त्याच्यावरच्या मुलांना बालरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाही.

जास्त थेंब टाकले म्हणून जास्त गुण येत नाही. उलट जळजळ होते, आणि एकदा ॲलर्जी बसली की ती बहुधा आयुष्यभर राहते. मग त्या सुगंधाचा साबणही चालत नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकतात. तेल पाण्यात विरघळत नाही, हे आपण पाचवीला शिकलो. थेंब वर तरंगतो आणि लोटाभर पाणी अंगावर घेतले की तो जसाच्या तसा, जहाल स्थितीत त्वचेला चिकटतो. डोळ्यात गेला तर विचारू नका. टाकायचेच असेल तर आधी चमचाभर खोबरेलात मिसळा आणि अंगाला लावा, मग आंघोळ करा.

आधी चाचणी, मग वापर

नवीन तेल पातळ करा. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावा आणि ४८ तास थांबा. खाज, लाली, पुरळ, फोड यांतले काही आले तर ते तेल तुमच्यासाठी नाही. लग्नाच्या किंवा ईदच्या आदल्या दिवशी नवीन काही चेहऱ्यावर लावू नका. चाचणीला दोन दिवस लागतात आणि चेहरा उतरायला दोन आठवडे.

टी ट्री तेलाबद्दल विशेष सांगायचे आहे. मुरुमांसाठी मुली ते मागवतात. ताजे असताना ते पातळ करून बऱ्याच जणींना चालते. पण बाटली उघडी राहिली, ऊन लागले, वर्ष उलटले की हवेने ते बदलते आणि ॲलर्जीची शक्यता वाढते. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत काय तापमान असते ते सांगायला नको. झाकण घट्ट, बाटली गडद रंगाची, जागा थंड आणि लेकरांच्या हाताबाहेरची. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा.

चेहरा, मान आणि वऱ्हाडचे ऊन

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हामुळे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा उन्हात काही तेले त्वचेवर असतील तर ती भाजून काढतात. सालीतून दाबून काढलेले लिंबाचे तेल आणि बर्गामोट ही त्यांतली मुख्य. त्यांतले घटक आणि सूर्यप्रकाश एकत्र आले की आधी लाली आणि फोड, मग महिनोन् महिने न जाणारे काळे पट्टे. लावल्यावर निदान १२ तास ती जागा उन्हात नेऊ नये. खरे तर उन्हाळ्यात ही तेले अंगाला लावूच नयेत. चेहऱ्यावर लिंबाचा रस चोळून स्कूटीवर कॉलेजला निघणाऱ्या मुलींनाही हेच सांगणे आहे.

वरुड-मोर्शीच्या आपल्या संत्र्याचे तेल यात तितके जहाल नाही, पण तेही पातळ केल्याशिवाय नको. साल थेट चेहऱ्यावर घासू नका, डोळ्यात उडते.

आता अत्तर. जुम्याला आणि ईदला खुशबू लावणे आपल्याकडे सुन्नत मानतात आणि त्यात काहीच अडचण नाही. अडचण जागेची आहे. रोज त्याच जागी, कानामागे, मानेला, दाढीखाली लावले आणि त्यावर ऊन पडत राहिले की तिथली त्वचा हळूहळू काळवंडते. खाज येतेच असे नाही, म्हणून लक्षात येत नाही. आपल्या सावळ्या रंगाच्या त्वचेत हा त्रास पुष्कळ दिसतो. लोक त्याला मळ समजून घासतात, मग गोरे करणारी क्रीम लावतात, आणि दुखणे वाढते. उपाय साधा आहे. अत्तर कपड्याला लावा. कुर्त्याच्या आतल्या पट्टीला किंवा रुमालाला लावले की डागही दिसत नाही. काळे डाग पडलेच असतील तर सगळे सुगंध बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

लेकरांच्या घरात: नीलगिरी, कापूर, पुदिना

सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते इथे.

नीलगिरीचे तेल पोटात गेले तर एका चमच्याहून कमी मात्रेतही लहान मुलाला झापड, श्वासाचा त्रास आणि फिट येऊ शकते. कापराचेही तसेच. अर्धा-एक ग्रॅम कापूर पोटात गेला तरी लेकराला फिट येऊ शकते, आणि ती फार लवकर येते. वडी पांढरी, साखरेसारखी दिसते. लेकरू तोंडात टाकणारच.

सर्दी झाली की कापूर, ओवा आणि नीलगिरीची पुरचुंडी लेकराच्या गळ्यात बांधायची सवय आपल्याकडे आहे. कोरोनाच्या दिवसांत तर मोठेही ती हुंगत होते. त्याने ऑक्सिजन वाढत नाही. तान्ह्या लेकराच्या नाकाशी कापूर, पुदिन्याचे सत्त्व किंवा नीलगिरी नेली तर श्वासाची नळी आखडू शकते. बामचेही हेच. दोन वर्षांखालच्या लेकराच्या छातीला, नाकाला, उशीला बाम नको. नाक चोंदले असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे साधे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल एका बाटलीत टाकले की तिन्ही घट्ट पदार्थ आपोआप पातळ होतात. अमृतधारा म्हणून हे मिश्रण घरोघरी असते आणि पोटदुखीला बत्ताशावर दोन थेंब देतात. आत काय आहे ते आता कळलेच. लहान मुलांना ते देऊ नका, आणि बाटली तर बत्ताशांच्या डब्याशेजारी मुळीच ठेवू नका.

डांबरगोळी हा वेगळा पदार्थ आहे, पण कपाटात दिसायला कापराचीच बहीण. काही मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असते. डांबरगोळीत ठेवलेली दुलई किंवा झबले न धुता अशा बाळाला घातले तर रक्तपेशी फुटून कावीळ होते. तान्ह्या बाळाचे कपडे डांबरगोळीत ठेवूच नका.

मेंदी आणि मेंदीचे तेल

चाँदरातीला अमरावतीचा इतवारा असो की अकोल्याचे ताजनापेठ, मेंदीच्या कोनांचे ढीग लागलेले असतात. रंग गडद यावा म्हणून मेंदीत तेल घालतात. हे "मेंदीचे तेल" बहुतेक वेळा नीलगिरी किंवा तसलेच एखादे जहाल तेल असते. काही ठिकाणी रॉकेल-पेट्रोलही वापरतात. मोठ्यांच्या तळहाताची त्वचा जाड असते, ती सोसते. तीन वर्षांच्या मुलीची नाही. शिवाय ओले हात ती तोंडात घालते, डोळ्यांना लावते.

लहान मुलींसाठी घरीच मेंदी भिजवा: मेंदी पावडर, पाणी, थोडी साखर. रंग थोडा फिका येईल, येऊ द्या. तान्ह्या बाळाला मेंदी लावूच नका. वर सांगितलेली जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल तर साध्या मेंदीनेही बाळाच्या रक्तपेशी फुटू शकतात, आणि ही कमतरता घरच्यांना सहसा माहीत नसते.

"काळी मेंदी" किंवा "पाच मिनिटांत रंग" असे लिहिलेला कोन कुणालाच लावू नका. त्यात केस रंगवण्याचे रसायन असू शकते. त्याने फोड येतात, कायमचे व्रण राहतात, आणि पुढे केसांचा डायही चालेनासा होतो.

मेंदी वाळल्यावर तव्यावर लवंग टाकून हात धुरावर धरण्याची रीत आहे. मोठ्यांनी, हात दूर ठेवून, खिडकी उघडून करावी. दमेकऱ्याने आणि मुलींनी नको.

गंधपुरा आणि लवंग

गंधपुऱ्याचे तेल गुडघेदुखीला चोळतात. वास बामसारखा, जरा गोडसर. त्यात जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेट असते, म्हणजे ॲस्पिरिनचे भावंड. एक चमचा, ५ मिली, गंधपुरा पोटात जाणे म्हणजे मोठ्या माणसाच्या २० हून अधिक ॲस्पिरिन गोळ्या एकदम खाणे. लहान मुलाचा यात जीव जाऊ शकतो. घरात लेकरे असतील तर शुद्ध गंधपुरा ठेवूच नका.

दादा-दादींपैकी कुणी हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर हे तेल किंवा असे बाम चोळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. ते त्वचेतून शरीरात जाते आणि गोळीचा परिणाम वाढवू शकते. चोळल्यावर वरून गरम पाण्याच्या पिशवीने शेकूही नका, जास्त जिरते आणि भाजतेही.

लवंगेचे तेल दाढेला बधिर करते, बरे करत नाही. कापसाचा बोळा त्यात बुडवून दाढेत कोंबला तर हिरडी भाजते. एक थेंब चमचाभर खोबरेलात मिसळा, त्यात कापूस भिजवा, फक्त दुखऱ्या दाढेला टेकवा, आणि दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे जा. बाळाचे दात येताना हिरडीला हे लावायचे नाही. लवंगेचे तेल पोटात गेले तर लहान मुलाच्या यकृताला इजा होते.

वाफ, धुनी, डिफ्युझर

वाफ घ्यायला साधे गरम पाणी पुरते. नीलगिरी घालायचीच असेल तर मोठ्यांसाठी एक थेंब, डोळे मिटून. लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्याशी बसवू नका. पातेले कलंडून भाजलेली मुले दर हिवाळ्यात दवाखान्यात येतात.

डिफ्युझर असेल तर तीन-चार थेंब, अर्धा तास, मग बंद आणि खिडकी उघडी. रात्रभर नाही. लोबान आणि ऊद यांचा वास कितीही पाक वाटला तरी फुफ्फुसाला तो धूरच असतो. घरात दमेकरी असेल तर तो बाहेर असताना धुनी द्या.

ही तेले पेट घेतात, हेही लक्षात ठेवा. गॅसशेजारी, दिव्याशेजारी बाटली नको. अंगाला तेल चोळल्यावर लगेच चुलीपाशी जाऊ नका.

डासांसाठी सिट्रोनेला आणि गवती चहाचे तेल लावतात. त्याचा असर थोडाच वेळ टिकतो. डेंग्यूच्या दिवसांत त्याच्या भरवशावर राहू नका. मच्छरदाणी, पूर्ण बाहीचे कपडे आणि कूलरचे पाणी दर आठवड्याला उपसणे, हेच खरे.

कुणी दूर राहावे

• गरोदर बाई: पहिले तीन महिने काहीच नको. नंतरही गंधपुरा, कापूर, सेज यांपासून दूर, आणि बाकीचे डॉक्टरला विचारून.

• ज्याला फिट येतात तो: कापूर, नीलगिरी, रोझमेरी नको. बामच्या आणि टूथपेस्टच्या पाकिटावरही ही नावे वाचा. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी या तेलांमुळे फिट आलेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत.

• दमा, इसब, सोरायसिस असलेले: विचारल्याशिवाय नको.

• हज-उमऱ्याला जाणारे: इहराममध्ये खुशबू मना आहे. बाम आणि क्रीममध्येही सुगंध असतो, तेव्हा बिगर-सुगंधी वस्तू आधीच घ्या आणि शंका असेल तर आलिमांना विचारा.

• घरातली मांजर: आपल्या पुष्कळ घरांत मांजर असते. तिचे यकृत ही तेले नीट पचवू शकत नाही. टी ट्री तेल तिच्या अंगाला लावले तर ती लुळी पडू शकते, मरू शकते. पिसवांसाठी पशुवैद्याला विचारा.

विकत घेताना

लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का बघा. दहा मिली "असली गुलाब" पन्नास रुपयांत मिळत असेल तर वरचा फुलांचा हिशोब आठवा. ते असली असूच शकत नाही. कपड्याला लावायला घ्या, अंगाला नको. सगळ्या वासांच्या बाटल्या एकाच किमतीला असतील तर तेही समजून घ्या, कारण संत्र्याचे तेल आणि चंदनाचे तेल एका भावाचे असू शकत नाही. आणि "प्या, सगळे रोग जातील" असे सांगून तेल विकणारा, कितीही जवळचा नातेवाईक असला तरी, त्याला चहा पाजून परत पाठवा.

चुकून काही झाले तर

पोटात गेले: उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप काही पाजू नका. तेल उलटीबरोबर वर येते आणि फुफ्फुसात उतरते, तेच सर्वांत घातक. तोंड पुसून घ्या, बाटली सोबत घ्या आणि लगेच निघा. लेकरू बरे दिसते म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, त्याचा टोल-फ्री नंबर १८०० ११६ ११७. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन, आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, दोन्ही सरकारी आहेत. रात्री तिकडे जायला लाजू नका.

डोळ्यात गेले: स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली पंधरा-वीस मिनिटे धुवा. चोळू नका. मग डोळ्यांचे डॉक्टर.

त्वचेवर जळजळ: आधी खोबरेल लावून कापसाने पुसून काढा, मग साबण-पाण्याने धुवा. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही.

फिट आली: कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. १०८.

आज रात्री एवढे करा

घरातल्या सगळ्या बाटल्या एका जागी काढा. ज्यांवर नाव नाही त्या फेकून द्या. ज्यांवर आहे त्यांच्या झाकणाला लाल नेलपॉलिश लावा. लाल झाकण म्हणजे पोटात घ्यायचे नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी सांगा. मग त्या बाटल्या औषधांच्या फडताळातून उचलून दुसऱ्या खोलीत, उंचावर, कडी असलेल्या कपाटात ठेवा.

आमच्या नात्यातल्या त्या दादीने हे पहिल्याच दिवशी केले. लेकराला आजही तिच्याच हातून औषध घ्यायचे असते. ती आधी दिवा लावते, चष्मा घालते, झाकण बघते, मगच चमचा भरते. आपणही एवढेच करू या. अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.